गालातली काडी

"तोंडात काय आहे हो?" हार्मोन्सच्या डॉक्टरांनी विचारलं आणि मी ओशाळले. गालात ज्येष्ठमधाची काडी होती. मिरजेत रोज चार तास गाणं शिकवते, घसा बसला की क्लास बंद. म्हणून दिवसाला दोन-तीन काड्या आणि रात्री मधातून चूर्ण, असं दीड वर्ष चाललं होतं.

त्याआधीचं सांगते. मार्चमध्ये सहज बीपी मोजलं, तर १७४/१०२. वय ४४. आईला बीपी होतं, त्यामुळे कुणालाच नवल वाटलं नाही. एक गोळी झाली, मग दोन, मग तीन. लोणचं-पापड बंद. किडनीची सोनोग्राफी, थायरॉईड, सगळं नीट. "घोरता का?" हेही विचारून झालं. (नवऱ्यानं माझ्या आधी "नाही" म्हटलं, खरं बोलला की नाही देव जाणे.) आकडा काही उतरेना. वर पायांत गोळे यायचे, जिना चढताना मांड्या भरून यायच्या. मी म्हणायची, वय झालं.

धागा लागला तो पोटॅशियममुळे. २.९ आलं, ३.५च्या वर हवं. आधी वाटलं लघवीच्या गोळीनं झालं असेल, पण ती थांबवूनही चढेना. बीपी जास्त आणि पोटॅशियम कमी अशी जोडी दिसली की अ‍ॅड्रिनल ग्रंथी (किडनीच्या डोक्यावर असतात त्या) अल्डोस्टेरॉन हे अंगात मीठ धरून ठेवणारं हार्मोन जास्त बनवतायत का, ते बघतात. म्हणून सकाळी रक्त दिलं. आता त्या ग्रंथीत गाठच निघणार, या धसक्यानं दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. रिपोर्टमध्ये रेनिन (अल्डोस्टेरॉन बनवायला लावणारं, किडनीतून येणारं) कमी आणि अल्डोस्टेरॉनही कमी! म्हणजे ते हार्मोन नसताना शरीर ते असल्यासारखं वागत होतं. डॉक्टर रिपोर्टवरून मान वर करतात, तर समोर मी चघळतेय.

त्यांनी कागदावर किडनी काढून दाखवली. कॉर्टिसोल हे ताणात वाढणारं हार्मोनही अल्डोस्टेरॉनचं काम करू शकतं, पण किडनीतलं एक एन्झाइम त्याला तिथे निकामी करतं. ज्येष्ठमधातलं ग्लिसरायझिन त्या एन्झाइमलाच अडवतं. मग मीठ-पाणी अंगात साठतं आणि पोटॅशियम लघवीवाटे जातं. १९४६मध्ये रेव्हर्स नावाच्या डच डॉक्टरनं अल्सरवर ज्येष्ठमधाचा अर्क दिला होता, तेव्हाच काही रोग्यांच्या अंगावर सूज दिसली होती. इतकं जुनं आहे हे. पण "सध्या काय औषधं चालू आहेत?" या प्रश्नाला मी दर वेळी फक्त गोळ्यांची नावं सांगितली. काडी कोण औषधात धरतं?

काड्या सोडल्या. सहा आठवड्यांनी पोटॅशियम ४.२. तीन गोळ्यांच्या जागी एक, बीपी १३४/८४. ती एक बहुधा आईकडून आलेली, ती राहणार.

सासूबाईंना हे अजून पटलेलं नाही. "आम्ही जन्मभर चघळलं, काही झालं नाही." बीपी मोजूया म्हटलं, तर म्हणतात, "मला काय धाड भरलीय?"