नबो डोंगर: मोशेला दिसलेला आणि न लाभलेला देश

जॉर्डनमधल्या मादाबा गावात सेंट जॉर्जच्या चर्चच्या जमिनीवर सहाव्या शतकातला एक नकाशा आहे, रंगीत दगडांच्या चिपा बसवून केलेला. त्यात यरुशलेम आहे, खजुरीच्या झाडांनी वेढलेलं यरीहो आहे आणि यार्देन (जॉर्डन) नदीतले मासे मृत समुद्राच्या खारट पाण्यापासून माघारी वळताना दाखवले आहेत. देवाने मोशेला वचनाचा देश ज्या डोंगरावरून दाखवला, त्या नबोला जाण्याआधी हा नकाशा जरूर बघावा. डोंगरावरून जे दिसणार असतं, त्याची ओळख इथेच होते.

मादाबाहून नबो दहाएक किलोमीटर. आमचे टॅक्सीचालक मुसलमान होते आणि मोशेचं नाव निघालं की दर वेळी ‘अलैहिस्सलाम’ (त्यांच्यावर शांती असो) म्हणत होते. नदीपलीकडे, यरीहोच्या जवळ, नबी मूसाची, म्हणजे मोशेचीच, कबर दाखवतात, असं त्यांनी सांगितलं. आमच्या पवित्र शास्त्रात मात्र ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात लिहिलंय की मोशेला मवाब देशातल्या एका खोऱ्यात पुरलं आणि त्याची कबर कोणालाच ठाऊक नाही. एका दबलेल्या जमातीला गुलामीतून बाहेर काढणारा, तिला नियमशास्त्र देणारा माणूस, आणि त्याच्या नावाचं थडगं नाही! ज्या महाराष्ट्रात पुढाऱ्याचं स्मारक कुठे व्हावं यावर वर्षानुवर्षं वाद चालतात, तिथून आलेल्या मला ही गोष्ट फार मोठी वाटली.

डोंगरमाथा समुद्रसपाटीपासून ७०० मीटरहून थोडा वर, आणि समोरचा मृत समुद्र सपाटीच्या ४३० मीटरहून जास्त खाली. त्यामुळे कठड्याशी उभं राहिलं की जमीन पायाखालून एकदम सुटल्यासारखी वाटते. डावीकडे मृत समुद्राची निळसर पट्टी, समोर यार्देनचं खोरं, त्यात यरीहोचा हिरवा ठिपका. हवा स्वच्छ असेल तर पलीकडच्या डोंगररांगेवर यरुशलेमही दिसतं. आम्ही गेलो तेव्हा धुरकट होतं, पण यरीहो स्पष्ट दिसलं. तिथे उभं राहून पहिली जाणीव झाली ती जवळिकीची. चाळीस वर्षं चालून आलेल्या माणसाला हे इतकं जवळ दाखवायचं आणि ‘तू पलीकडे जाणार नाहीस’ म्हणायचं!

कारण पवित्र शास्त्रातल्या ‘गणना’ या पुस्तकाच्या २०व्या अध्यायात आहे. रानात पाणी नव्हतं, लोक कुरकुरत होते. देवाने मोशेला सांगितलं, खडकाशी बोल. मोशे लोकांवर संतापला, ‘आम्ही तुमच्यासाठी या खडकातून पाणी काढायचं का?’ असं म्हणाला आणि काठी दोनदा खडकावर मारली. पाणी आलं, भरपूर आलं, माणसं प्यायली, गुरं प्यायली. तरीही मोशे आणि त्याचा भाऊ अहरोन दोघांनाही कनानात, म्हणजे त्या वचनाच्या देशात, जायला मनाई झाली. शब्बाथशाळेत असल्यापासून मला हा न्याय कठोर वाटायचा. नबोवर तो मी पुन्हा वाचला आणि वाटलं, यातला सगळा अर्थ पाणी आलं यातच आहे. काम झालं, लोकांची तहान भागली, म्हणून पुढाऱ्याचा राग आणि त्याने स्वतःकडे घेतलेलं श्रेय माफ होत नाही. आपण मात्र संस्थांमध्ये, मंडळ्यांमध्ये, मठांमध्ये नेमकं उलट करतो. शाळा उभी राहिली ना, गर्दी जमते ना, मग साहेबांच्या वागण्याबद्दल बोलायचं नाही. इस्राएलाच्या ग्रंथांनी आपल्या सगळ्यात मोठ्या माणसाला ही सवलत दिली नाही, आणि त्याची चूक लपवलीही नाही.

त्याहून मला हलवून गेला तो गणना २७. तू आता मरणार, हे कळल्यावर मोशेने स्वतःसाठी काही मागितलं नाही. या लोकांवर कोणाला तरी नेम, नाहीतर ते मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखे होतील, एवढंच तो म्हणाला. त्याला गेर्षोम आणि अलियेजर असे दोन मुलगे होते. त्यांचं नाव तिथे निघतसुद्धा नाही. नेमणूक झाली ती नूनाचा पुत्र यहोशवा याची, आणि मोशेने सगळ्या मंडळीसमोर त्याच्यावर हात ठेवले. याच यहोशवाने पूर्वी, छावणीत एलदाद आणि मेदाद संदेश सांगू लागले तेव्हा, त्यांना बंद करा म्हणून सांगितलं होतं. मोशेने त्यालाच विचारलं होतं, तुला माझ्यासाठी हेवा वाटतो का? परमेश्वराची सगळीच माणसं संदेष्टे झाली तर किती बरं होईल! वारस तयार करायचं काम अशा प्रसंगांतून आधीपासूनच चाललेलं होतं.

माथ्यावरचं चर्च फ्रान्सिस्कन साधू सांभाळतात. त्यांनी ही जागा १९३२ मध्ये घेतली आणि पुढच्या वर्षी उत्खनन सुरू केलं. आतलं सहाव्या शतकातलं मोझेक अप्रतिम आहे: शिकारी, सिंह, शहामृग, कळप राखणारा मेंढपाळ. मी तिथून हललोच नसतो, पण बाहेर जोव्हानी फान्तोनी या इटालियन शिल्पकाराचा धातूचा खांब वाट बघत होता. त्यावर क्रूसाच्या आकारात साप वेटोळे घालून आहे. रानात सर्पदंशाने माणसं मरू लागली तेव्हा मोशेने उभारलेल्या पितळी सापाची ती आठवण. बहुतेक लोक तिथे फोटो काढतात. मला आठवला तो राजा हिज्कीया. पुढे इस्राएल लोक त्याच सापापुढे धूप जाळायला लागले, तेव्हा हिज्कीयाने मोशेच्या हातचा तो साप फोडून टाकला. एका काळी ज्याने माणसं वाचली, तेच देवाच्या जागी बसलं की फोडायची हिंमत लागते. मोशेचा खरा अनुयायी मला तिथे हिज्कीयाच वाटला.

दुपारनंतर आम्ही खाली यार्देनकाठच्या अल-मग्तासला उतरलो; येशूचा बाप्तिस्मा इथे झाला असं मानतात. तिथल्या मार इलियास नावाच्या टेकडीवरून संदेष्टा एलीया स्वर्गात घेतला गेला, अशी परंपरा आहे. रायगडमधल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू मंडळींचा हा एलियाहू हन्नबी. अलिबागजवळ खंडाळ्याच्या कातळावर त्याच्या रथाच्या खुणा आहेत असं ते मानतात आणि नवस फेडताना मलिदा करतात. जाण्याआधी एलीयाने आपला शिष्य अलीशा याला विचारलं होतं, तुझ्यासाठी काय करू? अलीशाने त्याच्या आत्म्याचा दुप्पट वाटा मागितला. शेतीवाडी, बैल तो आधीच सोडून आलेला होता.

जाणार असाल तर हिवाळ्यात, पाऊस पडून गेल्यानंतरच्या दिवशी जा. तेव्हा यरुशलेम दिसण्याची आशा जास्त. आणि गणनाचे हे दोन अध्याय हॉटेलात नाही, वर कठड्यापाशी बसून वाचा.