तूलाँ : वेढा पाहायचा तर आधी बोटीत बसा

तूलाँ या दक्षिण फ्रान्समधल्या नौदल बंदरात आलेले बहुतेक जण रोपवेने फारों डोंगरावर जातात. ५८४ मीटरवरून बंदर सुरेख दिसतं. पण मिस्त्राल वारा जोर धरतो तेव्हा रोपवे बंद असतो, आणि फ्रेंच क्रांतिसेनेने १७९३मध्ये या शहराला घातलेला वेढा कुठे जिंकला गेला ते वरून उमगत नाही. मी सांगेन, धक्क्यावरून तामारीची प्रवासी बोट धरा आणि उजव्या कडेला बसा.

आधी एगियेतचा चौकोनी बुरूज येतो, वळण घेतलं की बालागियेचा गोल. आतल्या बंदरातून बाहेर पडायची चिंचोळी वाट यांच्यासमोरूनच जाते. ऑगस्टअखेरीस तूलाँच्या क्रांतिविरोधकांनी शहर, गोदी आणि आरमार ब्रिटिश अ‍ॅडमिरल हूडच्या हवाली केलं. क्रांतिसेनेच्या पहिल्या तोफा इतक्या लांब मांडल्या होत्या की गोळे जहाजांच्या अलीकडेच पाण्यात पडत. तोफखान्याचा २४ वर्षांचा अधिकारी नेपोलियन बोनापार्ट याचा आग्रह एकच होता : शहराच्या तटाशी झुंजू नका, या बुरुजांचं टोक घ्या.

कारण इथून जहाजं लाल तापवलेल्या गोळ्याच्या टप्प्यात येत. तो लाकडात रुतला की आत धुमसत राहतो. पण तोफ भरताना आधी दारू, त्यावर कोरडा बोळा, मग ओला बोळा आणि शेवटी गोळा. ओला बोळा नीट बसला नाही तर दारू आतच पेटते आणि तोंडाशी उभा गोलंदाज जातो. भरल्यावर रेंगाळलं तर दारू दमट होते.

सप्टेंबरात क्रांतिसेनेचा सेनापती कार्तो याने हे टोक घ्यायला फार थोडी माणसं पाठवली. हल्ला फसला, वर ब्रिटिशांना जागेचं मोल कळलं. त्यांनी टेकडीवर मलग्रेव्ह किल्ला उभारला. फ्रेंच त्याला ‘छोटा जिब्राल्टर’ म्हणू लागले. माझ्या मते त्या एका चुकीने वेढा जवळजवळ तीन महिने लांबला. अखेर नंतरचा सेनापती द्युगोमिये याने १६ डिसेंबरच्या रात्री, धो धो पावसात, तो घेतला. बोनापार्टच्या मांडीत संगीन घुसली. खालचे दोन्ही बुरूज शत्रूने लगेच सोडले आणि हूडने निघायचं ठरवलं.

तामारीला उतरून चढण चढलात की नेपोलियन किल्ला लागतो. मलग्रेव्हच्याच जागी तो नंतर बांधला. समोर आजही नौदलाच्या करड्या नौका उभ्या असतात. १८ तारखेच्या रात्री तिथे गोदीतली जहाजं जळत होती आणि हजारो तूलाँकर ब्रिटिश व स्पॅनिश जहाजांवर चढायला धडपडत होते. मागे राहिलेल्यांपैकी शेकडोंना पुढच्या दिवसांत गोळ्या घातल्या गेल्या.