मशीन बंद, तरी करंट

मे महिन्यात आमच्या भुसावळकडे वॉशिंग मशीनचे फोन कमीच, सगळी बोंब कुलर आणि एसीची असते. त्यात रावेर तालुक्यातल्या एका गावावरून फोन आला की भाऊ मशीन करंट मारते, दोन मेकॅनिक येऊन गेले, तुम्ही बघता का. करंटची कंप्लेंट मी उद्यावर टाकत नाही. मशीन पाणी सोडत नसेल तर कपडे ओले राहतात, दुसरं काय होतं, पण इथं माणूस जाऊ शकतो. फोनवरच सांगितलं की बोर्डातून पिनच काढून ठेवा, नुसतं बटन बंद करून भागणार नाही, आणि डोक्याला रुमाल बांधून निघालो. तापी ओलांडली की दोन्ही बाजूला केळीचे बाग लागतात, तेवढाच काय तो गारवा, बाकी रस्त्यावर नुसती भट्टी.

घर जुनंच, पण पुढचा ओटा आणि न्हाणीघर नवीन टाइल्स लावून चकाचक केलेलं. मशीन फ्रंटलोड, न्हाणीघरातच ठेवलेलं. पहिल्या मेकॅनिकने हीटर लीक आहे, म्हणजे त्यातला करंट बॉडीला उतरतोय, म्हणून नवीन हीटर टाकला होता, दुसरा म्हणाला पीसीबी, म्हणजे मशीनचं कंट्रोल सर्किट, गेलं, सात-आठ हजार लागतील. आमच्या लाइनमध्ये ही खोडच आहे, कारण सापडत नाही तोवर पार्ट बदलत राहायचे, आणि पैसे गिऱ्हाइकाचे.

घरातल्या मावशींना विचारलं, झटका कधी लागतो? तर म्हणे, "सकायीच मारते भाऊ, दुपारी काहीच नाही. मले तं त्याच्यात भूतच वाटू रायलं." घरातले नाना हसले, पण मला त्यातच खरी गोष्ट दिसली. हीटर किंवा मोटर लीक असती तर सकाळ काय दुपार काय, मशीन चालू झालं की लागायला पाहिजे. मग सकाळी घरात वेगळं काय चालू असतं? तर बोअरची मोटर, टाकी भरायला. आणि मोटर लावली की पंखा हळू होतो का विचारलं तर नाना म्हणे हो, ट्यूबपण फडफडते, पण ते तर सगळ्याच गावात होतं.

तरी आधी मशीन तपासून घेतलं, नाहीतर मीपण त्या दोघांसारखाच. पिन काढून हीटरचा रेझिस्टन्स घेतला, 26 ओहमच्या जवळपास, 2000 वॅटच्या हीटरला तेवढाच पाहिजे. हीटर ते बॉडी, मोटर ते बॉडी, पंप ते बॉडी, सगळीकडे मेगरने, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या मीटरने, बघितलं, कुठंच लीक नाही. म्हणजे मशीन बिचारं निर्दोष.

मग लांब वायर घेऊन मल्टिमीटरचं एक टोक अंगणातल्या बोअरच्या लोखंडी केसिंगला लावलं, कारण जमिनीचा खरा रेफरन्स त्या घरात तेवढाच होता, आणि दुसरं मशीनच्या मागच्या पत्र्याला. पिन लावली, बोर्डावरचं बटन बंदच ठेवलं. मीटरवर दोन-तीन व्होल्ट. नानांना म्हटलं आता मोटर लावा. लावली की मीटर एकदम 70च्या वर गेला. मशीन बंद, बटन बंद, आणि पत्र्यावर 70 व्होल्ट! पिन बाहेर ओढली, मोटर चालूच होती, मीटर शून्य. मावशींचा हातच तोंडाला गेला.

बटन फक्त फेज, म्हणजे करंट आणणारी वायर, तोडतं, अर्थिंगची पिन बटनातून जातच नाही, ती सरळ बॉडीला जोडलेली असते. म्हणजे करंट मशीनमधून बाहेर येत नव्हता, बोर्डाच्या अर्थिंगमधून मशीनमध्ये शिरत होता.

मेन बंद करून बोर्ड खोलला तर सॉकेटच्या न्यूट्रलमधून, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरच्या टोकातून, अर्थिंगच्या पिनला दोन इंचाची काळी वायर मारलेली, आणि भिंतीतून येणारी हिरवी वायर टेप गुंडाळून मागे दाबलेली. खोदून खोदून विचारल्यावर गोष्ट बाहेर आली. ओट्याला टाइल्स लावताना खाली गेलेली अर्थिंगची वायर तुटली, ती कोणी जोडलीच नाही. त्यानंतर मशीनला हात लावला की झिणझिण्या यायच्या. ते होणारच, कारण मशीनमध्ये पीसीबीच्या आधी नॉइज फिल्टर असतो, त्यात फेजकडून आणि न्यूट्रलकडून बॉडीला एकेक बारीक कपॅसिटर असतो, अर्थिंग नसलं की बॉडीवर निम्मं व्होल्टेज म्हणजे 110-115 दिसतं. टेस्टर पेटतो, मुंग्या येतात, पण त्यात दम नसतो, बल्ब लावला तर पेटत नाही. त्या झिणझिण्यांवर एका वायरमनने हा इलाज केला, अर्थिंगला न्यूट्रल जोडून मोकळा झाला. झिणझिण्या थांबल्या, टेस्टलॅम्प फेज आणि अर्थिंगमध्ये लावला तर लख्ख पेटायला लागला, सगळे खूश. त्यामुळे पुढे जो येईल तो टेस्टलॅम्प लावून म्हणायचा अर्थिंग एक नंबर आहे.

आता न्यूट्रलवर व्होल्टेज कुठून आलं ते शोधायचं होतं. मीटरजवळच्या जुन्या बोर्डात फेजला एक आणि न्यूट्रलला एक अशा दोन किटकॅट, म्हणजे ओढून काढायचे जुने फ्यूज, होत्या, न्यूट्रलवाली ओढली तर आतला पितळी चिमटा काळा ठिक्कर पडलेला आणि अ‍ॅल्युमिनियमची वायर नुसती टेकलेली. बारीकसारीक लोडला चालून जायचं, पण मोटरचा लोड आला की सांध्यावर व्होल्टेज अडकायचं आणि पुढचं सगळं न्यूट्रल वर उचललं जायचं, म्हणून तर पंखा हळू. तो सांधा पूर्ण सुटला असता तर मशीनच्या पत्र्यावर अख्खे 230 आले असते, खाली ओली फरशी आणि अनवाणी पाय. हे नानांना सांगितलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा खुर्ची ओढून बसून घेतलं.

ती काळी वायर तिथंच कापली आणि चांगला वायरमन येईपर्यंत त्या सॉकेटमध्ये काहीच लावायचं नाही असं बजावलं. न्यूट्रलची किटकॅट काढून सरळ लिंक करायची, अर्थिंगची नवीन वायर आणि नवीन खड्डा, कोळसा-मीठ टाकून, आणि उन्हाळ्यात त्यात पाणी ओतत राहायचं, कारण आपली काळी माती मे महिन्यात भेगाळली की खड्डा असून नसल्यासारखाच. आणि मेनला 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट कुठं गळला की लगेच सप्लाय तोडणारा स्विच.

आलोच आहे म्हणून मशीनची सफाईपण केली. पाण्याच्या व्हॉल्व्हची जाळी क्षाराने बुजत आलेली, खालच्या फिल्टरमध्ये ठिबकचा जॉइनर, सेफ्टी पिना आणि विरघळलेली तंबाखूची पुडी, ती बघून मावशींनी नानांकडे असं बघितलं की मी मान खाली घातली. बोअरच्या पाण्याला महिन्या-दोन महिन्यांनी रिकाम्या मशीनमध्ये 100 ग्रॅम लिंबूसत्व टाकून 60 डिग्रीला एक सायकल फिरवा म्हटलं, नवीन हीटरवरपण पांढरं चढायला लागलं होतं. केळीच्या चिकाचे डाग निघतील का त्याने, असंपण विचारून झालं. नाही निघत, चीक एकदा वाळला की कोणतंच मशीन काही करत नाही, शेतातले कपडे वेगळे ठेवा.

पैसे किती म्हणाले तेव्हा नानांना पटेना, पार्ट तर काहीच टाकला नाही. मी व्हिजिट आणि तपासणीचे घेतलेच. न लागणाऱ्या हीटरचे देताना त्यांनी घासाघीस केली नव्हती.

आठवड्याने परत फोन, आता आरसीसीबीच सारखी पडते, वायरमन म्हणतो काढून टाकू. म्हटलं काढली तर मला परत बोलवू नका. एकेक पिन काढायला लावली तर निघाला लोखंडी कुलर. आधी त्याला टू-पिन होती, वायरमनने नवीन अर्थिंग केल्यावर थ्री-पिन बसवली, आणि पंपातला लीक, जो इतके दिवस पत्र्यावर कोणाच्या तरी हाताची वाट बघत बसला होता, तो आता अर्थिंगमधून जाऊन आरसीसीबी पाडत होता. पंप दोन-तीनशेचा येतो, तो बदला, आणि तोवर कुलरची पिन काढून ठेवा म्हटलं. नाना म्हणे, भाऊ, मग रात्री झोपायचं कसं? म्हटलं गच्चीवर.