३८४ सायकली आल्या कुठून?

सकाळी आलो तेव्हा बोर्ड दर काही मिलिसेकंदांनी रीसेट होत होता. धाकटा सहकारी म्हणाला, "सर, मी फिल्टरला हातही लावलेला नाही. फक्त डीबगसाठी लॉगचा एक ॲरे टाकलाय." तो खोटं बोलत नव्हता. पण आमच्या धंद्यात 'फक्त' हा शब्द ऐकला की मी चहा बाजूला ठेवतो.

प्रोसेसर एफ२८३३५, १५० मेगाहर्ट्झवर, म्हणजे एक सायकल, त्याच्या घड्याळाचा एक ठोका, ६.६७ नॅनोसेकंदांची. इंटरप्ट, म्हणजे हातातलं काम थांबवून ठरलेला रूटीन चालवायची हाक, दर १० मायक्रोसेकंदांनी, म्हणजे हाताशी १५०० सायकली. तेवढ्यात तीन चॅनेल, प्रत्येकाला १२८ टॅपचा फिल्टर (एक टॅप म्हणजे एक गुणाकार आणि एक बेरीज) आणि वर बाकीचं गणित. हा सगळा रूटीन ११९० सायकलींत बसतो, असं मी पंधरा दिवसांपूर्वी रिव्ह्यूमध्ये छातीठोकपणे सांगितलं होतं. मोजूनच सांगितलं होतं.

रूटीनमध्ये शिरताना एक पिन वर आणि निघताना खाली, ही माझी जुनी सवय. स्कोपवर रुबाबदार चौकोन दिसायला हवे होते. दिसली ती वरच चिकटलेली सपाट रेघ आणि मध्ये मध्ये केसाएवढी बारीक फट. रूटीन संपायच्या आत पुढचा इंटरप्ट दारात उभा. मुख्य लूपला श्वास घ्यायलाही वेळ नाही, आणि वॉचडॉगला (वेळेवर थोपटलं नाही तर बोर्ड रीसेट करणारा पहारेकरी टायमर) थोपटायचं काम त्याच लूपमध्ये. ३० मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर तो ४.३७ मिलिसेकंदांत चावतो. रीसेटचं कोडं तिथेच सुटलं. वेळ का वाढला, हे मात्र सुटेना.

सहकाऱ्याने सिम्युलेटरवर चालवून दाखवलं: ११९०. त्याचा सिम्युलेटरवर फार विश्वास. त्यातली मेमरी कोणाशी भांडत नाही, हे त्याला कोणी शिकवलेलंच नाही. कॉलेजातही नाही आणि आम्हीही नाही.

मग सीपीयू टायमर लावला. हा टायमर उलटा मोजतो, त्यामुळे वजाबाकी सुरुवातीतून शेवटाची. आधी दोन वाचनं पाठोपाठ घेऊन मोजण्याचाच खर्च काढायचा आणि तो वजा करायचा. (हे न करता 'मोजलं' म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय.) इंटरप्ट बंद ठेवून शंभर वेळा मोजलं. शंभरही वेळा १५७४. एका सायकलचाही फरक नाही. कधी कमी, कधी जास्त आलं असतं तर संशय घ्यायला जागा होती. इतकं ठाम उत्तर आलं की मला भीती वाटते.

कागदावर वजाबाकी केली: ३८४. बराच वेळ त्या आकड्याकडे नुसता बघत होतो. १२८ त्रिक ३८४! तीन फिल्टर, आणि प्रत्येक टॅपमागे बरोबर एक सायकल जास्त.

फिल्टरचा गाभा म्हणजे एकच सूचना. गुणायचं, बेरजेत मिळवायचं, आणि हेच रिपीटने १२८ वेळा. ही सूचना एकाच सायकलीत दोन गोष्टी वाचते. बस म्हणजे मेमरीकडे जाणारी वाट. नमुना डेटा बसवरून येतो, फिल्टरचा गुणक प्रोग्राम बसवरून. बस दोन, म्हणून एका टॅपला एक सायकल. पण आतली रॅम सायकलीला एकदाच दार उघडते. नमुना आणि गुणक रॅमच्या एकाच ब्लॉकमध्ये असले की पाइपलाइन, म्हणजे सूचनांची रांग, एक सायकल थांबते. मॅन्युअलमधला 'झिरो वेट' (मेमरीसाठी थांबणं शून्य) टक्कर होणार नाही असं धरूनच लिहिलेला असतो. सूचना तीच आणि कोडही तसंच, फक्त शेजार बदललेला.

मेमरीत काय कुठे बसलंय ते सांगणारी मॅप फाइल उघडली. गुणक आणि तिन्ही चॅनेलचे नमुने एल२ या एकाच ब्लॉकमध्ये गुण्यागोविंदाने नांदत होते. लॉगचे ५१२ शब्द, म्हणजे मेमरीतले ५१२ खण, मध्ये घुसले आणि कोणाला कुठे बसवायचं ते ठरवणाऱ्या लिंकरने सगळ्यांना पुढे सरकवलं. लिंकरचा तरी काय दोष? कुणीतरी कधीकाळी 'जागा पुरत नाही' म्हणून एल० ते एल३ हे चार हजार शहाण्णव शब्दांचे चार ब्लॉक लिंकरच्या फाइलीत एकच मोठी खोली म्हणून लिहून टाकले होते. भिंती कुठे आहेत हे त्याला दिसणार कसं? वर कॉमेंट एका शब्दाची: 'सोयीसाठी'.

चारही ब्लॉक वेगळे लिहिले. गुणक एल१ मध्ये, नमुने एल२ मध्ये डांबून टाकले. मोजलं: ११९०. स्कोपवर चौकोन परत आले. सहकारी हसला, "सर, तुमचा आकडा बरोबर होता."

तेच मला टोचलं. घरी जायच्या आधी पंधरा दिवसांपूर्वीची मॅप फाइल काढली, जिच्या जोरावर मी रिव्ह्यूत बोललो होतो. गुणकांचा शेवटचा शब्द एल१ मध्ये होता, ब्लॉकची भिंत लागायला ४० शब्द शिल्लक. नमुने भिंतीच्या पलीकडे. तिथे ते कुणी ठेवले नव्हते, पडले होते.

तीच 'सोयीसाठी'वाली फाइल आमच्या आणखी दोन प्रॉडक्टमध्ये आहे. त्यांच्या मॅप फाइली मागवल्यात. अजून आलेल्या नाहीत.