माझा अनुभव : सरकारी नकार न्यायालयात तपासला जातो तेव्हा

अमेरिकेत विशिष्ट पदवी लागणाऱ्या कामासाठी मिळणाऱ्या माझ्या एच-१बी व्हिसाच्या मुदतवाढीसाठी कंपनीने केलेला अर्ज संबंधित सरकारी खात्याने फेटाळला, तेव्हा आम्ही थेट कॅलिफोर्नियातील संघीय जिल्हा न्यायालयात दावा दाखल केला. प्रोग्रामरचे हे काम विशिष्ट पदवीशिवायही करता येते, असा नकाराचा सूर होता. आधार होता श्रम खात्याच्या व्यवसायविषयक माहितीपुस्तिकेचा, जिच्यात बहुतेक प्रोग्रामरकडे पदवी असते, पण काही ठिकाणी त्याहून कमी शिक्षणही चालते, असे म्हटले होते.

दाव्याचा पाया १९४६ चा प्रशासकीय कार्यपद्धती कायदा हा होता. मनमानी, लहरी किंवा कायद्याविरुद्ध असलेला निर्णय त्यानुसार न्यायालय रद्द करू शकते; मात्र मी पात्र आहे की नाही हे न्यायाधीश नव्याने ठरवत नाहीत, तर खात्याने त्या वेळी दिलेली कारणे त्या वेळच्या फाइलवरून टिकतात का, एवढेच पाहतात. सरकारी वकिलांना मागाहून नवी कारणे पुढे करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाच्या चेनेरी खटल्यात १९४३ मध्येच ठरले आहे. आमचेही हात तसेच बांधलेले होते. नकारानंतर माझ्या व्यवस्थापकांनी लिहिलेले सविस्तर प्रतिज्ञापत्र वकीलबाईंनी बाजूला ठेवले, कारण ते मूळ फाइलमध्ये नव्हते.

सरकारला उत्तरासाठी ६० दिवस मिळतात. पुढे पानोपानी क्रमांक टाकलेली संपूर्ण फाइल आली, आणि माझे प्रत्येक काम कोणत्या अभ्यासविषयावर आधारलेले आहे हे सांगणारे कंपनीचे पत्र तिच्यात होते. नकारात त्याचा उल्लेखही नव्हता. पुस्तिकेतील त्याच मजकुरावर इनोव्हा सोल्युशन्स या कंपनीच्या खटल्यात, कॅलिफोर्निया ज्याच्या अखत्यारीत येते त्या नवव्या विभागाच्या संघीय अपील न्यायालयाने २०२० मध्ये असाच नकार मनमानी ठरवला होता, तो निकालही आमच्या पथ्यावर पडला.

अमेरिकी राज्यघटनेच्या पाचव्या घटनादुरुस्तीतील न्याय्य प्रक्रियेच्या हमीचा मुद्दा दाव्यात सर्वांत शेवटी होता. आमची बाजू ऐकूनच घेतली गेली नाही, या भावनेने मला तोच मुख्य वाटत होता. परंतु साध्या कायद्यावर निकाल देता येत असेल तर न्यायालये राज्यघटनेच्या प्रश्नाला हात घालत नाहीत, आणि निकालपत्रातही त्याचा विचार करण्याची गरज नाही असे एका वाक्यात म्हटले होते. हा संयम मला आता योग्य वाटतो, कारण घटनेचा लावलेला अर्थ बदलणे संसदेच्या साध्या कायद्यालाही शक्य नसते.

नकार रद्द झाला, पण अर्ज मंजूर करा असा आदेश नव्हता. प्रकरण फेरविचारासाठी खात्याकडे परत गेले. खात्याने पुन्हा पुरावे मागवले, तेव्हा बाजूला ठेवलेले ते प्रतिज्ञापत्र आम्ही जोडले आणि मुदतवाढ मंजूर झाली.