चार पट्ट्यांचा बूट

दिवाळीला पोरगा पुण्याहून आला तो पांढरेशुभ्र बूट घालून. ओट्यावर बसून लेस सोडत होता आणि आबा, म्हणजे माझे वडील, निंबाखालच्या खाटेवरून ते बूट न्याहाळत होते. किंमत सांगू नकोस असं मी त्याला फोनवरच बजावलं होतं. आबांनी विचारली, त्याने सांगितली. आबा जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "म्हंजे क्विंटलभर कापूस पायमा घालीसन चाली ऱ्हायना तू!"

आमचा चोपडा तालुका. एका अंगाला केळी, दुसऱ्या अंगाला कापूस. जगातली कुठलीही वस्तू आम्ही या दोन तागड्यांत तोलतो. त्यामुळे किंमतीचं काही वाटलं नाही. आबांचा पुढचा प्रश्न मात्र पोराला अडला. बुटाच्या कडेच्या तीन पट्ट्यांवर काठी टेकवून त्यांनी विचारलं, "या पट्टा कसाले शेतस?"

"आबा, तो ब्रँड आहे."

हे उत्तर आबांना पटणारं नव्हतं. वेसण, कासरा, जोतं यातल्या एकेका दोराला काम असतं हे ज्याला ठाऊक आहे, तो बुटावर उगाच शिवलेला पट्टा कसा मान्य करील?

आणि गंमत अशी की आबांचा प्रश्न अगदी रास्त होता. ते पट्टे आधी कामालाच होते. धावताना बुटाचं कातडं मधे सैल पडू नये, पाय घट्ट धरला जावा म्हणून कडेने चामड्याच्या पट्ट्या शिवत. घोट्यापर्यंतचे ते कॅनव्हासचे बूट आठवा, कॉन्व्हर्सचे, १९१७ पासूनचे. त्यांच्या घोट्यावरचा गोल तुकडा मुळात बास्केटबॉल खेळताना हाडाला मार लागू नये म्हणून होता. त्यावर तारा आला, पुढे चक टेलर या खेळाडू-विक्रेत्याची सही आली. आता घोटा कोणी सांभाळत नाही, पण गोल काढला तर गिऱ्हाईक बूट हातात धरणार नाही. काम गेलं, खूण राहिली. आमच्या घराच्या दाराला अजून अडसराची भोकं आहेत, तसंच.

तीन पट्ट्यांची कथा तर थेट आपल्या भाऊबंदकीची आहे. जर्मनीत हेर्त्सोगेनआउराख नावाचं गाव आहे (नाव घेताना जीभ वळते). तिथे आडोल्फ आणि रुडोल्फ डासलर हे दोघे भाऊ एकत्र बूट करत. महायुद्धानंतर बिनसलं. एकाने १९४८ साली पुमा काढली, दुसऱ्याने १९४९ साली आदिदास. मधून वाहणारी आउराख नदी हाच बांध. गावातली माणसं समोरच्याशी बोलण्याआधी त्याच्या पायाकडे बघत, म्हणून त्याला 'वाकलेल्या मानांचं गाव' असं नाव पडलं. आमच्याकडे बांधाच्या वादात दोन पिढ्या बोलत नाहीत, पण कोण कोणाच्या गटातला हे बघायला मान वाकवावी लागत नाही, आडनाव पुरतं. आणि आदिदासचे ते तीन पट्टेही घरचे नव्हेत. कारहू नावाच्या फिनलंडच्या कंपनीकडून ते घेतले. आजच्या हिशेबाने सोळाशे युरो आणि व्हिस्कीच्या दोन बाटल्या असा सौदा झाल्याचं सांगतात. बैलबाजारात असे सौदे मी डोळ्यांनी पाहिलेत, बाटल्यांसकट.

नाइकीच्या खुणेला मात्र कधीच काम नव्हतं. १९७१ साली कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीने ती पस्तीस डॉलरला काढून दिली. पुढे कंपनीने तिला शेअर्स दिले, ते सोडा. ती खूण पाय धरत नाही, घोटा राखत नाही. नुसती पळाल्यासारखी दिसते. आबांच्या कसोटीवर ती साफ नापास.

मला स्वतःला या सगळ्यात एकच विसंगती फार आवडते. 'स्नीकर' हा शब्द 'चोरपावलांनी जाणं' या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून आला, कारण रबरी तळव्याचा आवाज होत नाही. आणि आमच्याकडे? आजोबांच्या वहाणा कर्रकर्र वाजल्या नाहीत तर ते चांभाराला परत नेऊन द्यायचे. चावडीपासून आवाज आला की घरात बाया पदर सावरत, पोरं पाटीवर वाकत. तो आवाजच त्यांचा ब्रँड. आता हजारो रुपये देऊन न वाजणारा बूट घ्यायचा आणि त्याने डोळ्यांना ओरडून सांगायचं की मी कोण.

शाळेत आमच्या पायात बाटाचे पांढरे कॅनव्हास असत. पीटीच्या आदल्या रात्री मी त्यावर खडू घासायचो, मळ झाकायला. बाटा म्हणजे आपलीच कंपनी असं मी कॉलेजला जाईपर्यंत समजत होतो; ती १८९४ सालची, आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या झ्लीन गावची. तरी अजून कोणी तिला परदेशी म्हटलं की मला आतून राग येतो.

हे सगळं मी आबांना अहिराणीत समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि खाटेखालून स्वतःचे बूट पायाने पुढे ओढले. आठवडे बाजारातले, रेक्झिनचे. टाच दाबून दाबून त्यांची सपाता झालेली, करंगळी दुखते म्हणून डाव्या बुटाला ब्लेडने खिडकी पाडलेली. कडेने पट्टे होते. आबांनी काठीने मोजले.

"मंग मना बूटले त चार शेतस!"

पट्टे पाय धरायला असतील, तर चार तीनपेक्षा मजबूत. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पोरगा मळ्यात फोटो काढायला गेला आणि कापलेल्या घडाचा चीक त्याच्या बुटावर ठिबकला. पडतो तेव्हा तो पाण्यासारखा दिसतो, म्हणून त्याने लक्ष दिलं नाही. संध्याकाळपर्यंत काळपट तपकिरी डाग उमटला, बरोबर मधल्या पट्ट्याखाली. लिंबू झालं, टूथपेस्ट झाली, माझ्या बायकोने रॉकेलही सुचवलं. आबांच्या सगळ्या सदऱ्यांवर असे डाग आहेत; एकही आजवर गेलेला नाही. ते खाटेवरून बराच वेळ बघत होते.

"चार-पाच डाग आखो पाडी टाक," ते म्हणाले, "मंग नक्षी दिसी."

पोरगा हसला नाही. तो ब्रशने घासतच होता.