सीएमएस निवडण्याआधी मजकूर बाहेर काढून बघा

सीएमएस, म्हणजे साइटचा मजकूर साठवणारी आणि दाखवणारी प्रणाली, निवडायची चर्चा बहुतेक वेळा थीमपासून, म्हणजे साइटच्या रूपापासून, सुरू होते. थीम पुढेमागे बदलता येते. मजकूर ज्या साच्यात साठवला, तो साचा मात्र वर्षानुवर्षं सोबत राहतो. म्हणून आधी कागदावर लिहा: किती प्रकारच्या नोंदी असणार, प्रत्येकीत कोणते रकाने, आणि वाचक त्यांतल्या कशावरून शोधणार.

नुसते लेख आणि चार स्थिर पानं असतील तर वर्डप्रेस हे सीएमएस घ्या, फार खल नको. पण समजा पुस्तकांची सूची आहे आणि वर्ष, पानसंख्या यांवरून गाळणी हवी आहे. वर्डप्रेसमध्ये असे जादा रकाने साधारणपणे पोस्टमेटा या एकाच टेबलात जातात आणि आकडाही तिथं मजकूर म्हणूनच साठतो. क्वेरीत (डेटाबेसकडे केलेल्या मागणीत) 'हा आकडा आहे' असं सांगायचं राहिलं, की क्रम लावताना 100 पानांचं पुस्तक 20 पानांच्या आधी येतं. त्या मूल्यांच्या स्तंभावर इंडेक्सही (झटपट शोधासाठीची सूची) नसतो, त्यामुळे नोंदी हजारोंनी वाढल्या आणि तीन रकान्यांवर एकदम गाळणी लावली की पान रेंगाळतं. ड्रुपल हे दुसरं सीएमएस प्रत्येक फील्डला, म्हणजे रकान्याला, त्याच्या प्रकारानुसार वेगळं टेबल देतं, आणि याद्या बनवणारं व्ह्यूज आठव्या आवृत्तीपासून गाभ्यातच आहे. मात्र कंपोझर (पीएचपीची पॅकेजेस बसवणारं साधन) आणि कमांड लाइन सराईतपणे वापरणारं कुणी हाताशी नसेल तर ड्रुपलच्या वाटेला जाऊ नये, हे माझं ठाम मत. ड्रुपल 7 चा आधार 5 जानेवारी 2025 ला संपला. तिथून पुढच्या आवृत्तीत जाणं म्हणजे अपडेट नव्हे, अख्खं स्थलांतर.

निवड पक्की करण्याआधी एक चाचणी कराच. खऱ्या मजकुराच्या दहा नोंदी भरा, त्यांत चित्रं, तक्ते, तळटीपा असू द्या. मग एक्सपोर्ट करून दुसऱ्या कोऱ्या साइटवर चढवा. वर्डप्रेसच्या एक्सपोर्ट फाइलमध्ये चित्रं नसतात, फक्त त्यांचे पत्ते असतात. इम्पोर्टच्या वेळी ती जुन्या साइटवरून उतरवली जातात, म्हणून जुनं होस्टिंग घाईनं बंद केलं की लेख येतात आणि चित्रं जातात. बॅकअपमध्येही डेटाबेस आणि अपलोड्स फोल्डर, दोन्ही लागतात.

त्याच चाचणीत पेज बिल्डर (पानाची मांडणी रचायचं प्लगइन) बंद करून बघा. काही बिल्डरांच्या मागे लेखभर चौकटी कंसांतले शॉर्टकोड (मांडणीच्या खुणा) उरतात आणि ते हातानं उपसावे लागतात. अशा बिल्डरात दोनशे लेख लिहून बसण्यापेक्षा साधा ब्लॉक एडिटर कितीतरी बरा.

पानं आधीच तयार करून ठेवणाऱ्या ह्युगो किंवा जेकिलमध्ये हा प्रश्नच येत नाही: मजकूर मार्कडाउनच्या साध्या मजकूर-फाइलींत, डेटाबेस नाही, सर्व्हरवर लॉगिन नाही. अडतं ते लिहिणाऱ्यापाशी. गिट (फाइलींतले बदल नोंदवणारं साधन) न येणारे तीन-चार जण लिहिणार असतील तर प्रत्येक दुरुस्ती एकाच तांत्रिक माणसाकडे साचते.

मराठी साइटसाठी दुव्यांचंही आधीच ठरवा. वर्डप्रेसमध्ये स्लगला, म्हणजे पत्त्यातल्या लेखाच्या नावाला, 200 अक्षरांची मर्यादा आहे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा धरून, एन्कोड झाल्यावर नऊ अक्षरं खातं, म्हणजे साधारण 22 चिन्हांनंतर पत्ता तुटतो, बरेचदा शब्दाच्या मध्येच. प्रसिद्ध करण्याआधी छोटा स्लग हातानं लिहा. नंतर बदलायची वेळ आलीच तर जुन्या पत्त्यावरून नव्यावर 301 रीडायरेक्ट, म्हणजे कायमचं वळण, लावा.